‘सदृश’ : एका शब्दाचा मागोवा

विहिरीचा तळ दिसू लागतो, बोअर कोरडे जाते, सोयाबीनच्या शेंगा न भरताच वाळतात, गुरे बाजाराची वाट धरतात. मग एक दिवस वर्तमानपत्रात मथळा येतो : अमुक तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर. हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे की वाचताना डोळा त्यावर अडखळत नाही. माझा मात्र अडखळतो, आणि हा मागोवा त्या अडखळण्यातूनच निघाला आहे.

‘सदृश’शी आपली पहिली ओळख शाळेत होते, उपमा अलंकार शिकताना. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द अशी उपमेची चार अंगे आपण घोकलेली असतात. सम, समान, सारखा, जसा, सदृश हे साम्यवाचक शब्द. चेहरा चंद्रासारखा आहे असे म्हणणाऱ्याला चेहरा चंद्र नाही हे पक्के ठाऊक असते. दोन वस्तू वेगळ्या आहेत या खात्रीवरच उपमा उभी राहते. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ याच मापाने तपासली तर उपमान आहे दुष्काळ, आणि उपमेय आहे ‘परिस्थिती’. कसली परिस्थिती? पाऊस पडला नाही, पीक गेले, पाणी संपले, हाताला काम नाही, ही. मराठीत हिलाच दुष्काळ म्हणतात. म्हणजे वस्तूचे नाव काढून घ्यायचे, तिच्या जागी एक पोकळ शब्द ठेवायचा आणि मग ती पोकळी त्याच वस्तूसारखी दिसते असे सांगायचे.

पावसाळ्यात ‘डेंग्यूसदृश ताप’ अशा बातम्या येतात. तिथे ‘सदृश’ प्रामाणिक आहे. लक्षणे डेंग्यूची आहेत, रक्ताचा अहवाल यायचा आहे, तोवर डॉक्टर ठाम बोलत नाही. अहवाल आला की ‘सदृश’ गळून पडते. दुष्काळाच्या बाबतीत कोणाच्या रक्ताचा अहवाल यायचा बाकी असतो, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

थेट न बोलण्याला मराठीने फार जुने नाव दिले आहे : नरो वा कुंजरो वा. एखादा पुढारी दोन्ही बाजूंनी अर्थ लागेल असे बोलला की ‘त्याने नरो वा कुंजरो वा केले’ असे आपण सहज म्हणतो. प्रसंग द्रोणपर्वातला, युद्धाच्या पंधराव्या दिवसाचा. माळव्याच्या इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आवई उठवली. द्रोणांनी खरे-खोटे विचारले ते युधिष्ठिराला, कारण तो खोटे बोलणार नाही हा भरवसा होता. गंमत अशी की ज्या शब्दांनी आपण हा प्रसंग ओळखतो ते शब्द पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाहीत. तिथे द्विधा वाक्य नाहीच. युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मेला’ हे स्पष्ट सांगितले आणि ‘हत्ती’ हा शब्द अव्यक्त उच्चारला, ऐकू जाणार नाही असा. लोकपरंपरेने त्या पुटपुटण्याचे ‘माणूस की हत्ती’ असे सुबक वाक्य करून टाकले. मला मूळ पाठ अधिक बोचतो. युधिष्ठिराने अख्खे वाक्य उच्चारले, त्यातला एकच शब्द हळू बोलला, आणि त्या एका शब्दावर एका माणसाचा जीव गेला. महाभारतकार त्याला सोडत नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला, आणि स्वर्गारोहणपर्वात त्याला नरक पाहावा लागला तो याच बोलण्यापायी.

आपल्या घरांतही थेट न बोलण्याची रीत आहे, पण तिची जात वेगळी. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. माणूस गेला की त्याला देवाज्ञा होते. या बोलण्यात कोणी फसत नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच गोष्ट दिसत असते आणि दोघे मिळून तिच्यावर मऊ पांघरूण घालतात. पानिपतानंतर जानेवारी १७६१ मध्ये भेलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकारी पत्र पडले. त्यात दोन मोती गळाल्याचे आणि मोहरा हरवल्याचे लिहिले होते, रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नव्हती. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव गेले हे त्यांना तेवढ्यात कळले. आडवळणाची भाषा असूनही त्या पत्राने काहीच लपवले नाही. ‘दुष्काळसदृश’ या घराण्यातला शब्द नव्हे. त्याचे कुळ युधिष्ठिराच्या पुटपुटण्याकडे जाते.

दुष्काळाबद्दल बोलताना मराठी माणूस पूर्वी कधी पुटपुटला नाही. उलट तो दुष्काळांना माणसांसारखी नावे ठेवत आला. दुर्गादेवीचा दुष्काळ, कवटीचा दुष्काळ, छपन्नचा दुष्काळ. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आजही लोकांच्या तोंडी आहेत ते त्यांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली म्हणून. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात तुकारामांचे घर उद्ध्वस्त झाले. पत्नी अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी आपल्या अभंगात जसे घडले तसे सांगितले आहे. ‘आजाराने निधन’ असे काही तिथे नाही.

आणि एक जोडशब्द होता, ज्याचे मोल मला या विषयाच्या नादी लागल्यावर कळले : अस्मानी-सुलतानी. आभाळातून येते ते अस्मानी, सत्तेकडून येते ते सुलतानी. शेतकऱ्याच्या दुर्दशेची दोन कारणे आहेत आणि त्यातले एक राज्यकर्ता आहे, हे त्या काळची बोली एका जोडशब्दात मान्य करत होती. पाऊस न पडणे हा कोणाचा गुन्हा नव्हे. पण पाऊस न पडलेल्या वर्षी सारा वसूल करणे हे कोणीतरी केलेले असते. त्या कोणालातरी या शब्दात जागा होती. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला लिहिलेले पत्र याच समजुतीचे आहे. दाणा-वैरण बेतून वापरा, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटतील. उंदीर जळती वात नेईल आणि गवताची गंज पेटेल, तेव्हा दिवे सांभाळा. कोण चुकू शकतो, कसे चुकेल आणि दोष कोणाच्या माथी येईल, हे सगळे एकाच पत्रात. राज्याचा कारभार चालवताना इतके स्वच्छ मराठी लिहिता येत होते.

मग तो शब्द पुटपुटायला कधी सुरुवात झाली?

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर आणि दक्षिण भारतावर जो दुष्काळ कोसळला, त्यातल्या मृत्यूंचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे धरला जातो. सोलापूर, नगर, सातारा, पुणे, विजापूर हे मुंबई इलाख्यातले होरपळलेले मुलूख. व्हाइसरॉय लिटनने जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेम्पल यांना पाहणीसाठी धाडले. खर्च आवरायचा ही त्यांच्यावरची खरी जबाबदारी होती. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला पौंडभर धान्य पुरावे, असा त्यांचा हिशेब. ते पुरत नाही म्हणून हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी आणि न्या. रानडे यांच्या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारला निवेदनांमागून निवेदने धाडली. पण सरकारी मृत्युनोंदीत माणसे उपासमारीने फारशी मरत नव्हती. ती पटकीने मरत होती, तापाने, हगवणीने. अंगात रक्त नसलेल्या माणसाला शेवटी कुठला तरी रोग नेतोच. नोंद त्या रोगाची झाली. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांत मूल न्यूमोनियाने गेले की कुपोषणाने, हा वाद निघतो तेव्हा मला त्या नोंदी आठवतात.

या संहारानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला. १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून इलाख्याइलाख्यांच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. इथे आपल्या शब्दाच्या आयुष्याला खरे वळण मिळते. संहितेने दुष्काळाला सरकारी व्याख्या दिली. आता लोक म्हणतात म्हणून दुष्काळ होणार नव्हता. आधी चाचणीची कामे काढायची. अंगमेहनतीच्या कामावर, कमी मजुरीवर, लोक झुंडीने आले तर संकट खरे मानायचे. त्याआधीच्या पायरीला टंचाई म्हणायचे. सगळ्या खुणा पटल्या की मगच दुष्काळ जाहीर करायचा. आणि जाहीर केला की सरकारवर बंधने येणार : कामे काढा, ठरलेली मजुरी द्या, जे काम करू शकत नाहीत त्यांना फुकट अन्न द्या, सारा तहकूब करा.

ही संहिता निर्दय होती असे म्हणून मला पुढे जाता येत नाही. तिच्यामुळे पुढच्या काळात कितीतरी माणसे वाचली. पण तिने एक नवे नाते जन्माला घातले. ‘दुष्काळ’ हा शब्द त्या दिवसापासून सरकारच्या डोक्यावरचे देणे झाला. उच्चारला की पैसे मोजावे लागणार. आणि जो शब्द उच्चारल्यावर पैसे मोजावे लागतात, तो उच्चारणाऱ्याच्या ओठांवर रेंगाळणारच.

टिळकांनी हे नाते नेमके ओळखले. १८९६-९७च्या दुष्काळात ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांना दुष्काळ संहिता मराठीतून समजावून सांगितली. संहितेत काय लिहिले आहे, त्यानुसार तुमचा हक्क काय, पीक बुडाले असेल तर सारा भरायला घरदार विकू नका. बंड करा असे त्यात कुठे नव्हते. सरकारने स्वतःच छापलेले शब्द सरकारला वाचून दाखवले, एवढेच. सरकारला ते झोंबले आणि १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

शब्द टाळण्याची टोकाची परिणती १९४३ साली बंगालमध्ये दिसली. लाखो माणसे रस्त्यावर मरत असताना संहितेनुसार दुष्काळ जाहीर झालाच नाही. कारण सरळ होते. जाहीर केला असता तर संहितेत लिहिलेले धान्य द्यावे लागले असते, आणि तेवढे द्यायला सरकार समर्थ नव्हते. हे खुद्द बंगालच्या गव्हर्नराने व्हाइसरॉयला कळवले होते.

इंग्रज गेले. मी इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटले होते की पुटपुटण्याचा वारसा त्यांच्याबरोबर गेला असेल. तो गेला नाही; उलट त्याला कायद्याचे बळ मिळाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि १९६३ साली विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून इंग्रजीतला दुष्काळवाचक शब्द वगळायचा आणि त्या जागी टंचाईवाचक शब्द घालायचा, एवढ्याचसाठी तो कायदा होता, नावही तसेच. कारण असे दिले गेले : शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, म्हणून दुष्काळाची अवस्था येण्याला वावच उरलेला नाही, शब्द कालबाह्य झाला आहे.

तो कायदा करणाऱ्यांच्या मनात खोट होती असे मला वाटत नाही. नवे राज्य होते, माणसे भुकेने मरू देणार नाही हा संकल्प खरा होता. पण संकल्प कायद्यात उतरवायचा तर काय काय देऊ हे लिहायचे असते. इथे काय म्हणणार नाही हे लिहिले गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, एप्रिल १९६७ मध्ये, बिहारने आपल्या काही भागांत तो शब्द जाहीरपणे उच्चारला, आणि देशभरातून मदत तिकडे वळली. महाराष्ट्राच्या कायद्यांत तो शब्द तेव्हा शिल्लकच नव्हता.

पाच वर्षांनी बहात्तर उजाडले.

१९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता. १९७२ साली त्याने पाठच फिरवली. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुणे-सातारा-सांगलीचा पूर्वभाग करपला. मे १९७३ मध्ये सरकारी कामांवर रोज जवळपास ५० लाख माणसे येत होती. त्या वेळी राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे दहातले एक माणूस खडी फोडत होते, पाझर तलाव खणत होते, बांध घालत होते. कामावर सुकडी वाटली जायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते ती अजून विसरलेले नाहीत. वसंतराव नाईकांच्या सरकारने कामे मोठ्या प्रमाणावर काढली आणि भूकबळींचा जो संहार एरवी झाला असता तो टळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना याच दिवसांत राज्यभर रुजली; १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारे हे राज्य पुढे देशाला वाट दाखवणारे ठरले. शब्द पुसणारे आणि हक्क लिहिणारे विधिमंडळ एकच. या दोन कायद्यांमध्ये जेमतेम चौदा वर्षांचे अंतर आहे.

सरकारी कागदांवर ती ‘टंचाई निवारणाची कामे’ होती. लोक मात्र ‘दुष्काळी कामावर’ जात होते. आजही मराठवाड्यातला सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःचे वय सांगताना म्हणतो, बहात्तरच्या दुष्काळात मी इतका होतो. बहात्तरची टंचाई असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. टंचाई हा शब्द आपण रॉकेलला लावतो, साखरेला लावतो, सुट्या पैशांना लावतो. ती येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सरते. दुष्काळ या शब्दात काळ आहे, आणि मराठीत काळ म्हणजे वेळही आणि मरणही.

या शब्दाच्या गुंत्यात भाषांतराचाही वाटा आहे, तो सांगायला हवा. इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. पाऊस न पडणे याला एक, वस्तू कमी पडणे याला दुसरा, माणसे उपाशी मरणे याला तिसरा. मराठीत अवर्षण, टंचाई असे प्रतिशब्द सापडतात, पण लोकांच्या तोंडी पहिला आणि तिसरा मिळून एकच शब्द आहे. पाऊस गेला की दुष्काळ, आणि दुष्काळ म्हटले की दुर्गादेवीपासूनची सगळी मढी डोळ्यांपुढे. म्हणून एखादा अधिकारी मनापासून म्हणू शकतो की कोणी उपाशी मरत नाही, मग दुष्काळ कसा म्हणू? त्याच्या मनात तिसरा अर्थ असतो. समोरच्या शेतकऱ्याच्या मनात पहिला. तेव्हा बोलणे सोपे करण्याचा मार्ग होता : पाऊस नाही, पीक नाही, हे दुष्काळ म्हणायला पुरेसे आहे असे ठरवणे. तो घेतला गेला नाही. दोन अर्थांच्या फटीत ‘सदृश’ बसवला गेला.

आता हा शब्द प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू, कारण याचा हिशेब आण्यांत आणि पैशांत होतो. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, या जुन्या मोजणीतून आणेवारी आली. दशमान नाणी आल्यावर ती पैसेवारी झाली. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गाव आले तर सवलती. त्यांची यादी मराठी पत्रकाराला तोंडपाठ असते : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज तिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर, आणि पंपाची वीज न तोडणे. या यादीत एक मुलगी आहे, जिची बारावीच्या परीक्षेची फी माफ होणार की नाही हे गावाच्या पैसेवारीवर ठरते. तिच्या गावाची पैसेवारी एकावन्न आली तर तिच्या घरात आणि शेजारच्या शिवारातल्या घरात फरक पडतो तो आभाळाने पाडलेला नसतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात टंचाई शाखा असते. ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांचा टंचाई आराखडा बनतो : विंधन विहिरी, विहिरींचे अधिग्रहण, तात्पुरत्या पूरक नळयोजना, टँकर. तिथे काम करणारी माणसे उन्हातान्हात गावोगाव फिरतात. माझा रोख त्यांच्याकडे नाही. त्यांच्या हाती जी भाषा दिली आहे तिच्याकडे आहे. ‘परिस्थिती उद्भवली आहे.’ ‘उपाययोजना करण्यात येत आहेत.’ ‘जाहीर करण्यात येत आहे.’ आपला जुना कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवत नाही. उलट त्याला ‘ने’ लावून पुढे आणतो. सावकाराने शेत लिहून घेतले. सरकारने सारा माफ केला. कर्म प्रधान, तरी करणारा समोर. ‘करण्यात आले’मध्ये करणाऱ्याला जागाच नाही, आणि ‘उद्भवली’मध्ये तर कोणी काही केलेलेच नसते. अस्मानी आणि सुलतानी या जोडीतला दुसरा शब्द अशा वाक्यांनी हळूहळू पुसला. उरले फक्त आभाळ.

२०१५ साली पुन्हा पाऊस रुसला. सरकारी निर्णयात शब्द होता ‘दुष्काळसदृश’. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी भरून गाडी लातूरला आली. एका शहराला प्यायचे पाणी रेल्वेने द्यावे लागले, तरी कागदावर ‘सदृश’च होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दुष्काळ आहे की नाही, असेल तर तसे म्हणत का नाही, असा प्रश्न तिथे उभा राहिला. मे २०१६ मध्ये सरकारने न्यायालयाला सांगितले की शुद्धिपत्रक काढू. जिथे जिथे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आहे तिथे तिथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. २९ हजारांहून अधिक गावांचा प्रश्न होता. त्याच महिन्यात, ११ मे २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना दुष्काळ जाहीर करायला कचरणाऱ्या काही राज्यांना शहामृगाची उपमा दिली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पण वाळूत मान खुपसणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

मला त्या शुद्धिपत्रकाची कल्पना हलवून गेली. शुद्धिपत्रक छपाईतल्या चुकांसाठी असते : पान इतके, ओळ इतकी, अमुकऐवजी तमुक वाचावे. एका खरीप हंगामाची, हजारो गावांची तहान त्या रकान्यात दुरुस्त झाली. ती दुरुस्ती झाली याचे समाधान आहे. पण दुरुस्ती झाली तेव्हा मे उजाडला होता, आणि ज्याने ऑक्टोबरात बैलजोडी विकली त्याची बैलजोडी शुद्धिपत्रकाने परत आली नाही.

त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली आणि ७ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने महाराष्ट्राने ती स्वीकारली. आता पावसाचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, जलाशयातले पाणी यांची मापे आली. पहिला ट्रिगर, दुसरा ट्रिगर, मग निवडक गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन सत्यमापन; आणि शेवटी ‘मध्यम’ की ‘गंभीर’. मोजमाप शास्त्रशुद्ध झाले, हे चांगलेच झाले. पण शब्द चुकवण्याची वाट बुजली नाही. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुके ‘दुष्काळसदृश’ म्हणून जाहीर झाले. आठवडाभराने, ३१ ऑक्टोबरला, त्यातल्या १५१ तालुक्यांना दुष्काळ मिळाला, ११२ ठिकाणी गंभीर, ३९ ठिकाणी मध्यम. ‘मिळाला’ हा शब्द मी जाणून लिहितो आहे. गावकरी तसेच बोलतात : आमच्या तालुक्याला दुष्काळ मिळाला नाही. संकट मिळावे म्हणून माणसे मोर्चे काढतात, कारण संकट त्यांच्याकडे आधीच आहे; मिळवायचे आहे ते त्याचे नाव. २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक महसूल मंडळांच्या वाट्याला पुन्हा ‘दुष्काळसदृश’ आले. सवलतींची यादी त्यांनाही लागू झाली. नाव लागू झाले नाही.

या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला आणखी एक शब्दजोडी आहे, जी लिहिताना हात जड होतो. शेतकऱ्याने जीव दिला की त्याच्या घरच्यांना एक लाख रुपये मिळतात, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी आधी चौकशी होते. नावावर जमीन होती का, नापिकी होती का, कर्ज होते का, ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का. मग ते मरण ‘पात्र’ ठरते किंवा ‘अपात्र’. मदतीला पात्र की अपात्र, असा अर्थ आहे हे ठाऊक आहे. पण तक्त्यात स्तंभाचे शीर्षक असते ‘शेतकरी आत्महत्या’ आणि खाली दोन रकाने : पात्र, अपात्र. बटईने शेत कसणाऱ्याच्या, किंवा बापाच्या नावावरची जमीन राबणाऱ्या पोराच्या बाईला हा दुसरा शब्द कोणीतरी वाचून दाखवतो, आणि नवरा गेला त्यात त्याचीच काही अपात्रता होती असे तिला वाटत राहते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात याच्या उलट झाले. बहात्तरला ज्या शिवारात धूळ उडत होती तिथे कमरेएवढे पाणी उभे राहिले. काढणीला आलेले सोयाबीन कुजले, नदीकाठची माती खरवडून गेली, दावणीची जनावरे वाहून गेली. लोकांनी त्याला नाव दिले ओला दुष्काळ, आणि तो जाहीर करा अशी मागणी केली. सरकारकडून उत्तर आले की अशी संज्ञा संहितेत नाही. मात्र दुष्काळात ज्या सवलती देतात त्या सगळ्या देण्यात येतील.